उशीतलं वजन

मायी एक चांगली दाढ उमरावतीच्या बजारात वाया गेली. दुखत नव्हती, किडली नव्हती, बिचारीनं कोनाचं काई वाईट केलं नव्हतं. पन ती माया तोंडात होती, अन् तिथंच तिचं नशीब फुटलं!

तो कापसाच्या तेजीचा काळ होता. सात समुद्रापार कुठं तरी लढाई लागली, अन् भाव आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचा वाढला. कोन कोनासंग लढून राहिलं हे आमच्या गावात कोनालेच मालूम नव्हतं. पन ती लढाई लांबावी म्हनून मी दर शनिवारी मारोतीले नारळ फोडे! (मारोतीनं काय समजाचं ते समजावं.) आमचं गाव वलगावाच्या अंगानं. जमीन काळी, कापूस पांढरा अन् मी रंगेल. कापूस इकला का पैसा हातात, अन् हातातून बजारात. बैलाच्या गळ्यात चांदीचे घुंगरू बांधले. मखमलीची बंडी घेतली, थे बी वैशाखात! एक छत्री घेतली, अन् तिचा रंग उडू नये म्हनून उन्हापान्यात कधी काढली नाई.

सखू, म्हनजे मायी बायको, म्हने, "अवो, काई तं मांगं ठेवा! उद्या घरात काई अडलं, कोनी आजारी पडलं, तं काय बैलाचे घुंगरू वाजवत बसान?"

"अवं, आता काय अडते? वऱ्हाडात पैशाचा पाऊस पडून राहिला!"

"पडून राहिला ना? मंग तुमची छत्री उघडीच दिसते मले."

बोलाची तिखट होती. पन मी हसून घेतलं.

अन् माया हसन्यावरच संकट आलं! उजवीकडची खालची दाढ ठनकाले लागली. आधी जराशी, मंग अशी, का गाल फुगून कानाले भेटाले गेला. लवंग चावली, हिंग भरला, तमाखू दाबली. दाढ आयकेच ना. आठ दिवस झाले, भाकर पान्यात कालवून पीत होतो. अकोल्याचा एक दात काढनारा उमरावतीच्या बजारात येऊन बसला होता. त्याच्या गळ्यात लोकायच्या दाताची माळ. भाव काय? एका दाढेले दीड रुपया!

"दीड रुपया?" मी बजारातून आलेल्या शेजाऱ्याले म्हटलं. "आमच्या गावचा न्हावी तं एका पायली जवारीत दोन काढे!"

"कापूस वाढला, तं दाढ काहून वाढनार नाई?" शेजारी म्हने.

आता खरी गोम सांगतो. हंगाम सरला होता, घरात कापूस नव्हता अन् मायापाशी फुटकी कवडी नव्हती. सखूले मांगावं तं ती म्हननार, घुंगरू वाजवा. मी उशीवर गाल टेकून कन्हत पडलो. तं ती उशी! सासऱ्यानं लग्नात देलेली, अन् काई वर्सापासून एवढी टनक झालती का गाल टेकला म्हनजे गोट्यावर टेकल्यासारखं वाटे.

"सखू, मायी दाढ ह्या उशीनंच बिघडली! तुया बापानं कापूस भरला का नदीतले गोटे?"

"माया बापाचं नाव घेऊ नका. अन् त्या उशीले हात लावू नका, सांगून ठेवतो!"

बापावरून चिडली, असं मले वाटलं. अन् तेवढ्यात माया डोक्यात उजेड पडला. (तसा तो क्वचितच पडे, म्हनून मी लगेच उठून बसलो.) भाव असा चढला होता का लोक गाद्या फोडून जुना कापूस इकून राहिले होते! मंग उशी काहून नाई? दाढ बिघडवनारी उशी इकाची, अन् त्याच पैशात दाढ काढाची! असा इचार वऱ्हाडात कोनाले सुचला नसन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखू विहिरीवर गेली. म्या उशी उसवली अन् घाईघाईत सारा कापूस पोत्यात रिकामा केला. त्यात कडक कडक गठुये लागले हाताले. म्हटलं, जुना कापूस हाय, गठुये होतेच. सखूले कळू नये म्हनून खोळीत तुरीचं कुटार, म्हनजे भुसा, भरलं, दाभनानं चार टाके घातले, अन् उशी होती तशी ठेवून देली. पोतं खांद्यावर घेतलं, अन् गाल धरून उमरावतीची वाट धरली.

बजारात कापसाच्या शेठले सांगितलं, उशीतला हाय; त्यानं पाह्यला, पोतं तोलाले लावलं. "पुराना माल है पाटील, पर वजन अच्छा है." (तेजीत सारेच पाटील होते.) दीड रुपया आला. बरोबर दीड! मले वाटलं, देवानंच हिशोब जुळवला.

थेट दात काढनाऱ्यापुढं जाऊन बसलो. त्यानं सांडशी काढली. लोहार तापलं लोखंड धरते, तशीच सांडशी!

"कोनती, पाटील?"

म्या बोट दाखवलं, पन तोंडात बोट गेलं तं मलेच कळे ना का कोनती. त्यानं एक दाढ सांडशीत पकडली अन् म्हने, "आधी हलवून पाह्यतो. हालू नका."

तेवढ्यात मांगून आवाज आला, "अवो! उशीत हे काय भरलं?"

सखू! तीन कोस पळत आलती. पदर खोचलेला, केस सुटलेले, अन् काखेत ती कुटाराची उशी, खसखस वाजून राहिलेली.

"आ... आआ," मी म्हटलं. तोंडात सांडशी होती.

"त्यातला कापूस कुठं गेला?"

"आआआ."

"अवो, त्यात वीस रुपये होते! राणीछाप! अडीनडीले ठेवले होते म्या, चार वर्सं लोनी इकून इकून! तुमची दाढ काढाले आजच काढनार होतो त्यातले!"

वीस रुपये! मी जागच्या जागी असा उडालो का मी रस्त्यावर अन् दाढ सांडशीत! रक्त आलं, डोळ्यात पानी आलं, पन मले त्याचं काई नव्हतं. चार वर्सं मी वीस रुपयावर झोपत होतो, अन् वरून सासऱ्याले शिव्या देत होतो!

"पन... पन उशीत काहून ठेवले व?" मी गाल दाबून म्हटलं.

"चोर आला तं सारं घर नेईन, पन झोपलेल्या तुमाले कोनाच्यानं हालवनं होत नाई! म्हटलं, तुमच्या डोक्यात तं काई शिरत नाई, डोक्याखाली तरी राहीन."

आमी शेठकडं पळालो. पुढं सखू, मांगं मी, अन् माया मांगं तो दात काढनारा, हातात सांडशी, सांडशीत दाढ, "मायी मजुरी! मायी मजुरी!" करत. बजारातले लोक बी कामधंदा सोडून मांगं लागले.

शेठकडं निराळाच तमाशा सुरू होता. हमाल मोठ्या बोऱ्यात उभा राहून पायानं कापूस दाबून राहिला होता, तो एका पायावर नाचत बाहेर निंगाला. "शेठ, गोटे हायत ह्याच्यात! पाय फुटला माया!"

शेठ कडाडला, "किसने डाला? कपास में वजन? सरकारचा नवा कायदा मालूम नाई? खडी फोडाले लावते सरकार!"

तेजीत असे लोक होतेच. कोनी कापसात पानी मारे, कोनी सरकी घाले, कोनी गोटे. शेठनं मायाकडं पाह्यलं. "पाटील, वो उशीवाला माल तेराच था ना?"

आता काय सांगू लेकहो! हो म्हटलं तं खडी, नाई म्हटलं तं वीस रुपये गेले. सखू मायाकडं पाहून राहिली होती. मर्दानं अशा टायमाले छाती पुढं काढून खरं बोलाले पाह्यजे.

"मी नाई!" मी म्हटलं. "मारोतीची आन, मायापाशी उशीच नाई!"

सखूच्या काखेतली उशी खसकन वाजली.

"शेठजी," सखू पुढं झाली, "ते मायं हाय. गोटे नोहे, रुपये हायत. मोजा, वीस हायत. एकमेकावर वाजू नये म्हनून एकेक माया लाल लुगड्याच्या चिंधीत बांधला. हे पाहा, ह्या नेसल्या लुगड्याले त्याचंच ठिगळ."

शेठनं एक गठुया सोडला. लाल चिंधी, आत राणीचं तोंड! एक जन हळूच म्हने, "माया बी एक हरवलता..." सखूनं नुसतं पाह्यलं, तं तो गर्दीत विरून गेला.

पन शेठचा संशय जाये ना. "बाई, तोलताना वजन तं वाढलंच!"

"शेठजी, कापूस दीड रुपयाचा, अन् वजन वीस रुपयाचं! दीड रुपयासाठी कापसात वीस रुपये घालनारा येडा अख्ख्या वऱ्हाडात हाय तरी का?"

शेठनं मायाकडं पाह्यलं. हमालानं पाह्यलं. मंग साऱ्या बजारानं पाह्यलं.

"है," शेठ म्हने. "छोडो इसको."

खडी टळली. बोरा रिकामा केला, विसाचे वीस रुपये सापडले. वजनापायी शेठनं जास्ती देलेले आठ आने तेवढे वापस घेतले. मी सुटलो म्हनून हसाले गेलो, अन् कळ आली! उजवीकडून, खालून. तीच जुनी कळ!

"पाटील," दात काढनारा सांडशीतली दाढ न्याहाळत म्हने, "हे तं बाजूची निंगाली. मी नुसती हलवून पाहून राहिलो होतो, तुमी उडाले. चांगली दाढ होती हो! आता दोनीचे तीन रुपये."

मायी छाती बसली. पन सखू हालली नाई. "पयली वापस बसवून दे, मंग तिचे दीड घे."

तो गुमान दुसरी काढाले बसला. विसातला एक अन् मायाजवळचा उरलेला एक, त्यातून आठ आने वापस, असे दीड रुपये सखूनं मोजून देले. पयली दाढ त्यानं धुतली अन् आपल्या माळेत मधोमध ओवली. म्हने, अशी निरोगी चीज आजवर भेटली नव्हती, गिऱ्हाईकाले दाखवाले बरी!

त्या दिवसापासून सखूनं पैशाची जागा बदलली. कुठं, ते सांगे ना. मी डाले पाह्यले, मडके पाह्यले, पाहुना आलेल्या सासऱ्याचे जोडे बी झटकले. लढाई सरली, भाव पडला, घुंगरू इकले. अन् एका वर्सी घराचं आढंच मोडलं. मी डोक्याले हात लावून बसलो, तं सखूनं दारावर टांगलेली खुरप्याची टोपली खाली घेतली अन् त्यातून लाकडाचे पैसे काढले!

"दारात?" मी ओरडलो. "एवढे वर्सं दारात? मी रोज हिच्याखालून जातो!"

"जाता ना. पन खुरप्याले तुमचा हात लागनार नाई, हे मले पक्कं मालूम होतं."

मले लय लागलं ते. म्हटलं, आता दाखवतोच हिले! त्याच पायी टोपलीतलं खुरपं घेतलं, वावरात गेलो, अन् पयल्याच तनाले घाव घातला, तं तो तनाले सोडून माया अंगठ्यालेच बसला.

वैदाचे बारा आने सखूनं त्याच टोपलीतून काढले.