घुमटाखालची अनामत

मुलीला सिंगापुरात बुकित तिमाहच्या शाळेत घालताना आम्ही फीखेरीज अनामत भरली होती. बिनव्याजी, इमारतीसाठी, शाळा सोडताना परत. पुढे माझी नोकरी गेली, पुण्याला परतायचं ठरलं. तिथे दुसरी मिळेपर्यंत घर या अनामतीवरच चालणार होतं.

शाळेच्या ऑफिसातून गोड उत्तर आलं : तुमच्या मुलीच्या जागी नवं मूल आलं की लगेच देऊ.

बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात माझी वर्षं गेली होती. त्यामुळे पालकसभेत मुख्याध्यापक नव्या सभागृहाचा काचेचा घुमट पडद्यावर गोल गोल फिरवत होते, तेव्हा मला खुर्चीत बसवेना. मुलगी इथल्या सिंग्लिश ढंगात कानात म्हणाली, "बाबा, क्वेश्चन नको लाह. सो एम्बॅरसिंग!"

मी विचारलंच. आमच्या अनामती वेगळ्या खात्यात आहेत का? सभागृहाचं भाडं येईल, त्यातून त्या फेडणार का?

"तुमचे पैसे मुलांच्या भविष्यात आहेत," मुख्याध्यापक म्हणाले. टाळ्या पडल्या. घुमट आणखी एकदा फिरला.

त्या रविवारी पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं आमच्याकडे पोह्यांना आलं. इथे नवा आलेला मराठी माणूस आधी शाळा विचारतो, मग घर. त्यांचा मुलगा नेमका आमच्या मुलीच्याच इयत्तेतला.

"दादा, शाळा कशी आहे?" नवऱ्याने विचारलं.

स्वयंपाकघरात बायकोचा झारा थांबला.

"शिकवतात चांगलं," मी म्हणालो. "पण अनामत बांधकामात घालतात. पुढचा आला की त्याच्या पैशातून मागच्याला देतात. आम्ही पुढच्याची वाट बघतोय."

"म्हणजे आमची?"

"तुमचीच."

"कमाल करता दादा! गिऱ्हाईक घालवताय."

"याच गुणापायी नोकरी घालवली याने," बायको म्हणाली आणि पाहुण्यालाच जास्त पोहे वाढले.

नंतरचे दिवस मी फोन उचलत, ठेवत, उगाच खाली चकरा मारत काढले. मग कळलं, त्यांनी प्रवेश घेतला. शाळा नवऱ्याच्या बुओना व्हिस्टा भागातल्या ऑफिसला जवळ होती, आणि मुलाला घुमट फार आवडला होता.

अनामत आली. निघण्याआधी मी मुलाच्या बापाला फोन करून सांगितलं, "तुमचे पैसे पोचले."

"छान! आता पुण्यात आमच्यासाठी कोणीतरी बघून ठेवा."

तो हसत होता. पण कोणी सिंगापूरला निघालंय असं कळलं, की मी अजूनही आधी विचारतो, मुलं केवढी आहेत.