निखाऱ्यातून परत आलेल्या मिरच्या

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. परवा कुणीतरी मला फोनवर एक पोस्टर पाठवलं. त्याची फिल्म परदेशात कुठेतरी दाखवणार आहेत, खाली अभिनंदनाची फुलं. पोस्टरवर माझ्या आत्याचा चेहरा. डोक्यावर त्रिकोण, त्रिकोणात एक उघडा डोळा, आणि तिचं कुंकू काळं केलेलं. आत्या समोरच बसली होती, म्हणून मी फोन पालथा ठेवला.

हा माणूस पुण्याहून इंदूरला आला तो एका कॉलेजात फिल्म शिकवायला. आमच्या गच्चीवरची खोली त्याने भाड्याने घेतली. पोलोग्राउंडच्या कारखान्यांमागे आमची गल्ली. निम्म्या घरांतली माणसं कारखान्यांत जाणारी. मीही एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. घरात मी आणि आत्या दोघीच. तिने लग्न केलं नाही, शाळेत शिवण शिकवलं, आणि आई गेल्यावर मला वाढवलं. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे ती नव्या माणसाला पहिला चहा संपायच्या आत सांगते. त्यालाही सांगितलं. तो "वा, आत्या!" म्हणाला आणि तिथेच तिला आवडला. मराठी बोलणारा भाडेकरू मिळाला याचंच तिला अप्रूप.

तो करायचा त्या फिल्मना प्रयोगशील म्हणतात. त्यांत गोष्ट नसते, कुणी बोलत नाही. एकदा त्याने मला समजावून सांगितलं की फिल्म हाच एक विधी आहे, पडद्यावरचा उजेड हे आवाहन आहे, आणि परदेशातले जुने मांत्रिक वर्तुळात उभं राहून जे करत तेच काम आता कॅमेरा करतो. मी दिवसभर गोळ्या विरघळवून दमून आलेले. म्हटलं, बरं.

गच्चीवर त्याने रांगोळीने मोठं वर्तुळ काढलं, आत पाच टोकांची चांदणी, टोकांवर लिंबं, आरसे, आणि कुठूनतरी आणलेली बकरीची कवटी. आत्या वाळवण उचलायला वर गेली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे काय काढलंय रे भिया?"

"संरक्षणाचं वर्तुळ आहे, आत्या. याच्या आत वाईट शक्ती येत नाहीत."

"मग तुळस का बाहेर ठेवलीस?"

तो खूप हसला. मीही हसले. तेव्हा हसायला काय जात होतं! रीळ तो आमच्याच बादलीत धुवायचा, कॉफी आणि धुण्याचा सोडा कालवून. न्हाणीघराला कसलातरी कुजका वास यायचा. आत्या नाक धरून आंघोळ करायची, पण त्याला कधी बोलली नाही. उलट वर भजी पाठवायची.

आता दृष्टीबद्दल सांगायला हवं. माझा दृष्टीवर विश्वास नाही, आधीही नव्हता. पण आमच्या गल्लीतल्या प्रत्येक लेकराची दृष्ट आत्याने काढली आहे. तिन्हीसांजा झाल्या की कुणीतरी बाई कडेवर पोर घेऊन दारात यायची. "बुआजी, नजर उतार दो ना, दूध नी पी रिया है." आत्या हातातलं काम टाकायची. उंबऱ्याजवळ एका जुन्या घमेल्यात निखारे असायचे. दोन्ही मुठींत मीठ, मोहरी, डेठासकट लाल मिरच्या. मुठी डोक्याकडून पायांकडे उतरवत, घड्याळाच्या काट्यासारख्या फिरवत ती पुटपुटायची, आल्यागेल्याची, घरच्यादारची, पाखरापाण्याची, कुणाची लागली असेल ती जाऊ दे. मग सगळं निखाऱ्यांवर. ठसका लागला नाही तर दृष्ट होती आणि ती जळाली. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, पोराला डॉक्टरकडे न्या. हे दुसरं वाक्यही ती न चुकता म्हणायची. उघड्या दारात वारा असताना ठसका कुणाला लागणार, असं मी मनात म्हणायचे. पण त्या बायांचे चेहरे उतरलेले यायचे आणि हलके होऊन जायचे. लॅबमध्ये मोजता न येणारी ती एक गोष्ट मी मान्य केली होती.

त्याने हे जिन्यावरून पाहिलं आणि वेडाच झाला.

"यातलं गूढ काय आहे, आत्या?"

"गूढ कसलं, मीठ आहे."

"पण मला हे फिल्ममध्ये हवंय. प्लीज."

आत्याने आढेवेढे घेतले, पण तिला बरं वाटलं होतं. समोरच्या घरातली सून आपली मुलगी द्यायला तयार झाली. सुनेचं माहेर जवळच्या सांवेरचं, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी हे पहिलं बाळ. फिल्ममध्ये येणार म्हणून तिने बाळाला नवं झबलं घातलं, गालाला काजळाची तीट लावली. आत्याने इरकल नेसली. त्याने दुसऱ्यांदा करा म्हटलं तर आत्या ठाम नाही म्हणाली. "दृष्ट एकदाच काढतात. नौटंकी थोडीच आहे." तेवढ्यावर त्याला थांबावं लागलं. मला वाटलं, याला निदान एवढं तरी समजतं.

फिल्म दाखवली ती शहरातल्या एका छोट्या सभागृहात. मी आत्याला घेऊन गेले, समोरची सून बाळाला घेऊन आली. पहिल्या रांगेत बसवलं आम्हाला. अंधार झाला. पडद्यावर आमची गच्ची, चांदणी, लिंबं, कवटीच्या डोळ्यांतून दिसणारं पोलोग्राउंडचं धुराडं. काहीच कळत नव्हतं, पण आपली गच्ची म्हणून आम्ही कौतुकाने बघत होतो. मग आमचा उंबरा आला.

घमेल्यावर धूर होता आणि तो खाली निखाऱ्यांत शिरत होता. निखाऱ्यांतून मिरच्या उसळल्या, लालभडक, अख्ख्या, आणि आत्याच्या मुठींत जाऊन बसल्या. मग त्या भरल्या मुठी बाळाच्या पायांकडून डोक्याकडे चढू लागल्या, उलट्या फिरत. पुन्हा पुन्हा. वर त्रिकोणातला डोळा उघडझाप करत होता. आत्याचे ओठ हलत होते आणि आवाजाच्या जागी घंटेसारखा कसलातरी घुमारा. शेवटी आत्या थेट आमच्याकडे बघते आणि चित्र लाल होतं.

त्याने ते रीळ उलटं चालवलं होतं.

सभागृहातल्या लोकांना ते सुंदर वाटलं असणार. कुणीतरी मागे हलकेच "वाह" म्हणालं. पण पहिल्या रांगेत तीन बायका बसल्या होत्या आणि तिघींनाही ते वाचता येत होतं. आगीतून काढून, पायांकडून डोक्याकडे, उलट्या फेऱ्यांनी जे करतात ते दृष्ट काढणं नसतं. ती लावणं असतं. कुणी करत नाही, पण करायचं झालं तर असंच करतील. सून उठली. बाळाला पदराखाली घेतलं आणि अंधारात खुर्च्यांना धडकत निघून गेली. आत्या हलली नाही. दिवे लागले तेव्हा ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

मी त्याला बाहेर गाठलं. लोक त्याच्याशी हात मिळवत होते. मी म्हटलं, "तू उलटं चालवलंस."

"रिव्हर्सल आहे, ताई. काळ मागे जातो. पश्चिमेच्या परंपरेत उलटा विधी म्हणजे मोकळं करणं."

"आमच्या उंबऱ्यावर पश्चिम कुठून आली? तू तिला विचारलंस का, उलटं केलं तर काय होतं?"

"ताई, हे प्रतीक आहे. लिटरल घेऊ नका."

प्रतीक! पाच महिन्यांचं लेकरू प्रतीक, सत्तरीची बाई प्रतीक, आणि त्याची ती बकरीची कवटी मात्र खरी, तिला हात लावू नका म्हणून जिन्यावर चिठ्ठी. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. पण त्याचं उत्तर आठवतं. मी सांगितलं की समोरची सून घाबरून पळून गेली, आत्या बोलत नाहीये. तर त्याचे डोळे चमकले. खरंच चमकले.

"म्हणजे परिणाम झाला, ताई! तेच तर मी म्हणत होतो. फिल्म काम करते."

मी त्याच्या थोबाडीत मारली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात बाळाला ताप आला. गल्लीतल्या निम्म्या पोरांना आला होता, हवाच तशी होती. पण बहिणीकडेच राहणाऱ्या बाळाच्या मामाने सभागृहातला तो तुकडा कुणाकडून तरी मिळवला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. मी समोरच्या घरी गेले. सुनेला पहिल्यापासून समजावलं, रीळ म्हणजे काय, ते उलटं कसं फिरवतात. फोनवर माझाच चालतानाचा व्हिडिओ उलटा करून दाखवला. तिने शांतपणे बघितलं.

"दीदी, मेरे को समझ में आ रिया है कि मसीन ने करा. पर हाथ तो बुआजी के हेंगे."

ती वाईट बाई नाही. ती आत्याला कधी उलट शब्द बोलली नाही. फक्त आत्या दारात दिसली की ती बाळाला घेऊन आत जायची, आणि तिचं बघून बाकीच्याही जायला लागल्या. तिन्हीसांजेला आमच्या दारात कुणी येईना. घमेलं जिन्याखाली गेलं.

त्याला मी तो भाग काढून टाक म्हणून सांगितलं. तो म्हणाला, फिल्म पुढे महोत्सवांकडे गेली, आता हातात नाही, हवं तर सुरुवातीला एक पाटी टाकतो, ही काल्पनिक आहे म्हणून. काल्पनिक! मी त्याला खोली सोडायला सांगितली. जाताना तो आत्याच्या पाया पडायला आला. आत्याने पाय मागे घेतले आणि हात पाठीमागे नेले. त्याला वाटलं ती रागावली आहे. ती रागावली नव्हती. मी रागावले होते. त्याला आपला हात लागू नये म्हणून ती जपत होती.

मला हे हळूहळू कळलं. आधी तिने पोळ्या करणं सोडलं, म्हणाली खांदा दुखतो. मग माझ्या मैत्रिणीची नात घरी आली, तर आत्या दुरूनच "छान आहे गं" म्हणाली आणि खुर्चीखाली हात घेऊन बसली. मी चिडून विचारलं, "आत्या, तूही यावर विश्वास ठेवतेस?"

"मी आयुष्यभर ठेवलाय ना, बाई. आता सोयीचं नाही म्हणून सोडू?"

मग मी ठरवलं, तिच्याच भाषेत बोलायचं. म्हटलं, आत्या, एवढ्या लोकांनी तुला त्या पडद्यावर डोळे फाडून पाहिलं, तुलाच लागली असेल. मी काढते. तिला ते पटलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं. माझा बेत सोपा होता. मिरचीचा तिखटपणा असतो तो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत. मी त्या शिरा दुपारी खरवडून काढल्या. ठसका लागणार नाही, आत्या म्हणेल दृष्ट होती आणि जळाली, हात मोकळे होतील.

पण दारात बसायला ती तयार होईना, गल्ली बघते म्हणून. स्वयंपाकघरात पाट मांडला. आणि माझ्या मिरच्या तिने बोटांनी चाचपल्या. "ह्या कसल्या पोकळ? डेठ कुठंय?" असं म्हणून ती उठली आणि आपल्या डब्यातल्या अख्ख्या, जहाल निमाडच्या मिरच्या घेऊन आली. पुढे काय होणार ते मला तेव्हाच कळलं. तरी थांबवता येईना.

मी मुठी फिरवल्या. डोक्याकडून पायांकडे, सुलट्या. तिचे शब्द तिच्यासमोर म्हटले. ती डोळे मिटून बसली होती, लहान मुलीसारखी. मग मी सगळं निखाऱ्यांवर टाकलं.

ठसका असा लागला की दोघींना श्वास घेता येईना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मी धावत जाऊन खिडकी उघडली. आत्या खोकत खोकत पदराने तोंड पुसत होती. खोकला थांबल्यावर म्हणाली, "दृष्ट नव्हतीच."

"आत्या, अगं, बंद खोलीत मिरची..."

"मला कुणाची लागलेली नाही. म्हणजे जे आहे ते माझंच आहे."

धूर खिडकीतून गल्लीत चालला होता. एकेकाळी आमच्या दारातून हा वास गेला की बाया पोरांना घेऊन निघायच्या, बुआजी बसली आहे म्हणून. समोरून बाळाच्या मामाचा आवाज आला, "कौन मिर्ची जला रिया है?" मग सुनेने खिडकी ओढून घेतली. मग तिच्या शेजारची लागली, मग वरची. मला वाटलं, बाहेर जाऊन एकेकीची कडी वाजवावी आणि विचारावं, तुमच्या कुठल्या पोराला या बाईने हात लावला नाही? मी चपला घालायला वळलेही.

"राहू दे," आत्या म्हणाली. ती पाटावरच बसली होती, हात पदरात गुंडाळून. "आपली पण लाव. धूर बाळाकडे चाललाय."