चुनाळ्याच्या झाकणाचा स्विच

या सदरातले अनुभव नात मला दुपारी वाचून दाखवते. सगळ्यांच्या भुतांना पांढरं पातळ आणि मोकळे केस... माझ्या वाट्याला काय आलं, तर मोटारीतला दिवा! भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. विश्वास होता तो एकाच गोष्टीवर — माझ्या स्वतःच्या हातांवर. वय अठरा, अक्कल बेताची आणि ताठा मात्र फौजदाराचा.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली आणि आमचे 'हे' मिल्ट्रीतून मोटारीचं काम शिकून परत आले. सांगलीत विश्रामबागेकडे तेव्हा मोकळी रानं होती. तिथं पत्र्याची शेड ठोकून यांनी वर्कशॉप काढलं, मागच्या खोलीत आमचा संसार. मी शेडमध्ये चहा द्यायला जायची ती परत यायचीच नाही. यांची जाड बोटं जिथं शिरत नसत तिथं माझी शिरायची.

"पदर खोचून मोटारीखाली लोळतीया सून माझी," आत्याबाई, म्हणजे सासूबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

औंधचे एक बागाईतदार होते, तात्यासाहेब. त्यांच्या मोठ्या परदेशी मोटारीचं मागचं डावं दार उघडलं की आत दिवा लागायचा, मिटलं की विझायचा. त्या काळी ही केवढी चैन! दाराच्या चौकटीत बोराएवढा स्विच. दार मिटलं की तो दाबला जाऊन दिवा बंद. त्याची आतली पट्टी झिजून चिकटली होती. दार मिटलं तरी दिवा जळतच राहायचा, सकाळी बॅटरी ठार. तसली पट्टी सांगलीत मिळेना. मी आत्याबाईंच्या चुनाळ्याचं, पानाच्या चुन्याच्या डबीचं, पितळी झाकण पळवलं, कातरलं, घासलं आणि पट्टी बसवली. दार उघडलं — दिवा. मिटलं — अंधार. मी शेडभर अशी मिरवले, जणू विजेचा शोधच मी लावला.

पुढच्या आठवड्यात तात्यासाहेब परत हजर.

"यमाईच्या डोंगराखाली गाडी आली की दिवा आपसूक लागतोय. दार गच्च मिटलेलं! बायकूच्या हातनं काम करून घेतोस व्हय रं? आता कोल्हापूरला नेतो गाडी."

आत्याबाईंनी तिथंच निकाल दिला, "स्विच बिगडलेला निगाला, तर पान्याला परत हात लावायचा न्हाई. चूल हाय आन् तू हायस."

मला भूत दिसलं असतं तरी चाललं असतं, पण पाना सुटणं...! म्हटलं, "तात्यासाहेब, स्विच माझा बरोबर हाय. मला संगं न्या, दावते."

"अगं, गप की," हे कुजबुजले. गप बसणं माझ्या स्वभावात नव्हतं, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. बाबू ड्रायव्हर आणि तात्यासाहेब पुढे, आम्ही दोघं मागे. मी डाव्या दाराशी बसणार तोच बाबू म्हणाला, "वैनी, तितं नगा. आक्कासायबांची जागा हाय ती."

आक्कासाहेब म्हणजे तात्यासाहेबांची आई, वर्षापूर्वी वारलेली. दर मंगळवारी याच गाडीनं यमाईला जायच्या, दर्शन घेऊन डोंगराखाली गाडीत बसायच्या. गेल्यावरही त्या जागी कुणी बसत नसे. मी तोंड वाकडं करत मधे सरकले.

विट्याला चहाला थांबलो, तेव्हा मी तो स्विच काढूनच टाकला. वायरच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली, आता दिवा लागायची सोयच उरली नाही. एका मुठीत स्विच, दुसऱ्या मुठीत वायरचं टोक.

औंधला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डोंगराचा पायथा आला आणि...

दिवा लागला.

बाबूनं सवयीनं ब्रेक दाबला. "आल्या," एवढंच पुटपुटला. यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. तात्यासाहेब मागे वळून बघेनात. डावीकडची सीट जराशी दबल्यासारखी वाटली — 'वाटली' असंच लिहिते, कारण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. मी दोन्ही मुठी वर करून ओरडत होते, "बघा! बघा! स्विच माझ्या हातात हाय! माझा स्विच बरोबर हाय!"

तिघं पुरुष गारठलेले, आणि ही भवानी आनंदानं उड्या मारतेय...

दिवा विझला. तात्यासाहेबांच्या घराच्या दारात गाडी थांबली तेव्हा पुन्हा लागला, पुन्हा विझला. तात्यासाहेब उतरले, डाव्या दाराला त्यांनी हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

"सूनबाई, मी उगीच बोललो. तेवढा स्विच परत बसव."

"त्याच्याबिगर बी लागतोय की दिवा," मी म्हटलं. यांनी चिमटा काढला.

"बसव. आईचा दिवा अर्धवट नगं."

बसवला. गाडी कोल्हापूरला गेली नाही, कायम आमच्याकडेच येत राहिली.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "भूत व्हतं म्हनं?"

"काय ठावं, आत्याबाई. पर स्विच चांगला व्हता."

त्यांनी उघडं चुनाळं पुढे केलं. "चुना वाळतुया माजा. झाकण आन नवं." आणि जाता जाता, "उंद्या लॉरी यायची हाय दुरुस्तीला, लौकर ऊठ."

माझा इंजिनिअर नातू म्हणतो, वायर मधेच कुठेतरी बॉडीला टेकून दिवा लागला असेल. अरे, दुसऱ्या दिवशी सकाळी औंधातच मी ती अख्खी वायर बोटांनी चाचपली होती, कुठेही उघडी नव्हती. आणि टेकायचीच तर डोंगराखाली आणि घराच्या दारातच बरी टेकली?

काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला उलगडा झाला तर जरूर लिहा... फक्त स्विच खराब होता, असं लिहू नका.