पेवावरची बारा घरं

मी अकोल्याहून भिलाईला निघाले त्या दिवशी बाबा स्टेशनवर आले नाहीत. नव्या घराच्या छपरावर घालायच्या कवेलूची गाडी त्याच सकाळी आली होती आणि उतरवून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. माय एकटीच आली, हात मातीनं भरलेले. नवऱ्यानं ट्रंक आत ढकलली, गाडी हलली, तशी ती खिडकीशी चालत चालत म्हणाली, "मानसं जाऊन रायली अन् घर उभं होऊन रायलं. पाय ना कसं." ती रडली नाही. मीही रडले नाही. बडनेरा गेल्यावर रडले, तेही डब्यातल्या बायांकडे पाठ करून.

तुम्ही जे नाल्याकाठच्या आपल्या ओळीत राहिलात, आणि जे माझ्यासारखे पोटासाठी उठून कोण भुसावळला, कोण पुलगावला गेलात, दोघांसाठी हे लिहिते आहे. आपल्या ओळीचं काय झालं ते जो तो आपल्यापुरतं सांगतो, आणि बहुतेक जण दोष माझ्या बापाला देतात. मीही दिला. सहावीत शाळा सुटलेली बाई काय लिहिणार, असं म्हणाल. पण त्या ओळीतले सगळे अर्ज माझ्याच अक्षरात आहेत, मग हेही असू द्या.

दीक्षेनंतर आपल्या लोकांची सोसायटी झाली हे तुम्हाला ठाऊक आहेच. सरकारी कर्ज मिळालं. नाल्याच्या अलीकडची पडीक जागा मिळाली, पूर्वी तिथं एका शेटचं धान्याचं खळं होतं. तोवर आम्ही कुडाच्या भिंतीत राहिलो होतो. पावसाळ्यात भिंत हाताला लागायची ती ओल्या गोणपाटासारखी. विटांचं घर, वर कवेलू, पुढं ओसरी, आत एक खोली, मागं आणखी एक, हे बाबांनी पन्नाशीला आल्यावर पाहिलं. त्यांचा आनंद मला दिसला नाही, मी तेव्हा भिलाईत होते.

भिलाईत आम्हाला क्वार्टर होतं. दोन खोल्या आणि आत नळ. नळाखाली हात धरून मी पहिले काही दिवस उगाचच उभी राहत असे. नवरा पोलादाच्या कारखान्यात शिफ्टला गेला की भोंग्यावर वेळ समजायची. पुढं दवाखान्यात आयाची ड्यूटी मिळाली, वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरनं मिळवून दिली. तिचे उपकार मी विसरणार नाही. मी 'मले' म्हटलं की वॉर्डातल्या बाया हसत. आता 'मेरे को' तोंडात बसलं आहे, तर अकोल्याला गेले की तिथल्या हसतात. सगळं बरं होतं, तरी मला झोपेचं सुख नव्हतं. माझा स्वभावच तसा. चांगलं काही हाती आलं की ते कोण परत न्यायला येईल याची मी वाट पाहत बसते.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, तेव्हा विम्याचं निघालं. कर्ज फिटेपर्यंत घराचा विमा पाहिजे, असं सोसायटीच्या कागदात होतं. काळी टोपी घातलेला एजंट आला, ओसरीत बसला आणि म्हणाला, "घराले काही झालं तं कंपनी भरून देते." आगीचा विमा, आणि नाला जवळ आहे म्हणून पुराचाही वरून जोडून घेतला. बाराही घरांचे अर्ज मी भरले, कारण त्या दिवशी ओळीत लिहिता येणारी मीच होते, सातवा महिना संपत आलेला, पाट मांडीवर घेता येत नव्हता म्हणून भिंतीला टेकवून लिहिलं. एजंट इंग्रजी वाचून मराठीत सांगायचा. एक प्रश्न होता: इमारतीच्या जागेखाली विहीर, तळघर किंवा खड्डा आहे काय?

मी मान वर केली. बाबा समोर बसून बिडी ओढत होते. म्हणाले, "लिही, नाही."

मी बारा वेळा 'नाही' लिहिलं.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी, हस्ताचा पाऊस चालू असताना, भिलाईला कार्ड आलं. पोस्टमनच्या अक्षरात: मागची खोली गेली, माणसं ठीक, ये. गेली म्हणजे काय? खोली कुठं जाते? सिस्टरनं रजा दिली. मी लेकराला कडेवर घेऊन गाडीत बसले आणि अकोल्यापर्यंत त्याच एका शब्दावर घोटाळत राहिले.

गेली म्हणजे खरंच गेली होती. भिंती अर्ध्या उभ्या, कवेलू लोंबलेले, आणि मधे भुईच नाही. तोंडाशी अरुंद, खाली पोट सुटलेलं, मोठ्या रांजणासारखं भोक. खाली गढूळ पाणी, त्यात आमच्या पेटीचा कोपरा. कुजलेल्या ज्वारीचा वास येत होता, जुना, गोडसर. माय काठावर उभी राहून म्हणाली, "जातं खाली गेलं. आता थे कोन काढते." तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

एजंट दुसऱ्याच दिवशी आला. माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं: पुराच्या पाण्यानं जमीन पोखरली असेल तर विमा मिळतो. जमीन आपोआप खचली तर मिळत नाही. खोली गेली त्या संध्याकाळी नाल्याचं पाणी ओळीत शिरलं होतं, ते साऱ्यांनी पाहिलं होतं. "तेवढंच सांगा. जास्त बोलू नका." नागपूरहून सर्व्हेअर साहेब येणार होते.

मग मी बाबांना शिकवायला बसले.

"बाबा, काय सांगसान साहेबाले?"

"पानी आलं म्हून."

"अन् आनखी?"

"आनखी काय. पोरीनं शिकवलं तेवढंच."

शेजारच्या सरजाबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बुवाले शिकवायची गरज नाई, माय. सालोसाल तोंड उघडत नाई हा मानूस. बिडी पियाले उघडते तेवढंच."

सर्व्हेअर साहेब आले, चांगले बोलणारे, वयानं माझ्या नवऱ्याएवढे. फीत लावून मोजलं, भिंतीवरची पाण्याची खूण पाहिली, मान हलवली. खुर्चीवर बसून लिहू लागले आणि लिहिता लिहिता सांगू लागले: पुराचं नुकसान आहे, हे बुजवून वर फरशी टाकून घ्या. बाकीच्या घरांना धोका नाही, तसं मी नोंदवतो. सरजाबाई लगेच चहा करायला वळल्या. त्यांची सून आत चुलीशी बसली होती, पाठीशी लेकरू. धूर येत होता.

बाबा तिकडं पाहत होते. मी त्यांच्याकडं पाहत होते. मला समजलं की काहीतरी होणार, पण काय ते समजलं नाही.

ते उठले. "साहेब, थांबा. पान्यानं नाई गेलं थे. पेव हाये."

साहेबांना शब्द समजला नाही. बाबांनी सांगितलं. शेटची ज्वारी जमिनीत ठेवायचे, खणलेल्या पेवात, आतून कडबा लावून, वर शिळा आणि माती. काढायची वेळ आली की तोंड उघडून वाफ जाऊ द्यायची. मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. "अन् नाई इझला तं मी उतरो. पंधरा सालं मीच उतरलो." मग काठी घेऊन ते ओळीतून चालू लागले, पावलं मोजत. एक आमचं. दुसरं सरजाबाईंच्या चुलीखाली. तिसरं टोकाच्या घराच्या ओसरीत. काठी आपटून दाखवली. तिथं आवाज वेगळा येत होता, आम्ही सगळ्यांनी ऐकला. सून लेकरू घेऊन बाहेर आली.

साहेबांनी पिशवीतून अर्ज काढले. माझं अक्षर मी दुरून ओळखलं. "मग इथं 'नाही' कोणी लिहिलं?"

"तिनं लिहिलं. मी सांगतलं म्हून लिहिलं," बाबा म्हणाले.

साहेबांनी आधी लिहिलेलं खोडलं. रागावले नाहीत. त्यांनी चहाही घेतला. मला वाटतं, चुकीचं लिहून जाण्यातून ते सुटल्यासारखे झाले होते.

साहेब गेल्यावर सरजाबाई आमच्या ओसरीपुढं उभ्या राहिल्या. "बुवा, इतके दिवस तोंड शिवून बसले होते. आजच कावून उसवलं?"

बाबांनी नवी बिडी पेटवली. बोलले मीच, आणि तेही त्यांनाच. जेव्हा बोलायचं तेव्हा गप्प बसले, आणि गप्प बसायचं तेव्हा बोलले, असं मी म्हटलं. आणखीही म्हटलं, ते लिहीत नाही. एक कागद नीट झाला असता तर निदान एक खोली परत उभी राहिली असती. बापाला एवढं बोलणारी मी, ज्याच्या घरी खाऊन दोन अक्षरं शिकले.

त्यांनी बिडी विझवली. "तवा जागा भेटून रायली होती, बाई. पेव हाये म्हनलं असतं तं दुसऱ्यानं घेतली असती, अन् आपन पुन्हा कुडात. वाटलं, बुजले असन. तू 'नाई' लिहिलं. लिहिलेलं मानूस खरं मानते. मी बी मानून बसलो." मग म्हणाले, "हा साहेब लिहून चालला होता का धोका नाई. मंग सरजाच्या सुनेनं बी खरं मानलं असतं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणून तर राग जात नाही.

अर्जात खोटं लिहिलं म्हणून बाराही घरांना विमा नाकारल्याची पत्रं आली. मी रजा वाढवून एस्टीनं अमरावतीला कंपनीच्या शाखेत गेले. एका बाकावर बसवलं, दुसऱ्यावर पाठवलं, जेवणाची सुट्टी झाली, साहेब दौऱ्यावर. शेवटी एका कारकुनानं पॉलिसी उलगडली आणि बोट ठेवून सांगितलं, "बाई, विमा घराचा आहे. जमिनीचा नाही." मी म्हटलं, घर मग कशावर उभं असते? तो हसला. त्याला ते आवडलं, शेजारच्याला सांगितलंसुद्धा. पण कागद परत दिला. नगरपालिका म्हणाली, सोसायटीला विचारा. सोसायटी म्हणाली, जागा सरकारनं पसंत केली. कचेरीतल्या बाबूनं नकाशा काढून दाखवला. त्यावर आपली ओळ होती, नाला होता, पेवं नव्हती. ज्यानं ती भरली त्या शेटला, आणि ज्यानं उपसली त्या माझ्या बापाला, दोघांनाही नकाशा काढणाऱ्यानं विचारलं नव्हतं.

चला भिलाईला, असं मी दोघांना म्हटलं. माय म्हणाली, "तुह्या क्वार्टरात आमी पावने. अन् पावन्यानं कितीक दिवस राहाव?" बाबांनी दोन उन्हाळे नाल्याची माती वाहून आमचं पेव बुजवलं. पुढच्या खोलीत ते अजून राहतात. मागं बोरीच्या काट्या लावल्या आहेत, लेकरं जाऊ नयेत म्हणून.

तुमच्यापैकी कितीतरी जण ओळ सोडून गेले. सरजाबाई गेल्या नाहीत. पण चूल त्यांनी त्याच आठवड्यात ओसरीत आणली, बाबांना शिव्या देत देत. पुढच्या पावसाळ्यात त्यांची चुलीची खोली बसली, भर दुपारी, आणि आत कोणी नव्हतं. त्या अजूनही साऱ्यांना सांगतात, "बुढ्यानं आमचं घर खाल्लं." माय म्हणते, सांगू दे, सांगायले जिती हाये ना. बाबांना कोणी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मीही म्हटलेलं नाही. म्हणायला गेले की तो विम्याचा कागद डोळ्यापुढं येतो.

आता नवऱ्याच्या मनात इथं प्लॉट घ्यायचं आहे. क्वार्टर नोकरीपुरतं, उद्या रिटायर झालो की कुठं, असं तो म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. दुर्गच्या बाजूला कामगारांची वसाहत होते आहे. जागा सपाट, मुरमाड, दलालानं सांगितलं की पूर्वी पडीक होती. 'पडीक' ऐकलं आणि त्याच रात्री मी कागद घेऊन बसले. बाबांना पत्र टाकलं: एकदा या, जमीन पाहून जा. उत्तर आलं, "तिथल्या भुईचं मले काय समजते. तिथल्या म्हाताऱ्याले इचार."

तिथला म्हातारा कुठून आणू? कारखाना झाला तेव्हा आसपासची गावं उठली. मग आमच्या ब्लॉकला भाजी घेऊन येणाऱ्या दाईची आठवण झाली; इकडं म्हाताऱ्या बाईला दाईच म्हणतात. वय झालेली, हातावर गोंदण, रोज त्याच बाजूनं येणारी. तिला जागेची खूण सांगितली, पळसाची तीन झाडं, आणि तिथं आधी काय होतं ते तिच्या बोलीत विचारलं, "दाई, उहाँ पहिली का रहिस?"

तिनं टोपली खाली ठेवली. "हमर घर रहिस."

दोडके निवडत तिनं सगळं सांगितलं. घर कुठं, गोठा कुठं, पळसाच्या पूर्वेला विहीर होती ती बुजवली, तिच्यावर काही बांधू नको. तक्रार केली नाही. मग तराजू उचलला.

विहीर सोडून प्लॉट आम्ही घेऊच बहुतेक. घर कुठं, असं वॉर्डात कोणी विचारलं तर मी अजून अकोला सांगते. तिथल्या अर्ध्या घरावर माझा हक्क वाटतो, कारण त्याच्या खाली काय आहे ते सांगायला माझा बाप तिथं बसला आहे, कोणाला आवडो न आवडो. इथं उद्या चार भिंती उभ्या राहतील, कागद आमच्या नावाचा असेल, विमाही काढू. पण त्याला घर म्हणायच्या आधी दाईला, तुझ्या जागेवर राहू का, असं काहीतरी विचारायला पाहिजे असं वाटतं. ती रोज येते. मी भाजी घेते, आणि ते कसं विचारायचं हे मला अजून येत नाही.