मायलेकींचं रोडियम

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं. दुसऱ्या दिवशी त्या दाण्यांची, सोल्यांची भाजी करायची होती. ओसरीत आमच्या मधात टोपलं, आणि टोपल्याच्या काठाला टेकवलेला बायकोचा फोन. फोनात पोरगी. बसलो होतो आम्ही नवराबायको, बोलत होत्या मायलेकी. मी टरफलं बाजूला टाकत होतो.

हे रोजचंच होतं. पोरगी नागपूरला प्रयोगशाळेत रसायनाचं संशोधन करते. आमचं गाव पवनारच्या पलीकडे, म्हणजे फार दूर नाही, पण तिला यायला सवड नसते. फोन मात्र रोज दिवेलागणीला, आणि तोही आईला. घरात फोन तो एकच. मी उचलला तर म्हणायची, "बाबा, बरे आहात ना? आईले द्या." एवढीच माझी वाटणी.

त्यांचा विषय रोडियम. हा सोन्याहून महाग धातू, पण पोरीला तो चिमटीभरही लागत नाही. खनिज तेलातून निघालेला एक पातळ पदार्थ घ्यायचा, जाड लोखंडी भांड्यात बंद करायचा, वरून दोन वायू दाबाने भरायचे. रोडियम त्या वायूंमधून तुकडे घेऊन त्या पदार्थाला जोडून देतं, आणि स्वतः मोकळं होऊन पुढच्या जोडणीला लागतं. जे तयार होतं त्याला आल्डिहाइड म्हणतात. पुढे त्यातून साबणाचा माल होतो, अत्तरातला वास होतो. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. शेंगा सोलता सोलता, विड्या ओढता ओढता कानावर पडलं.

त्यातला एक वायू म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवली की झोपेत माणूस मारतो तोच. म्हणून बायकोचा पहिला सवाल ठरलेला, आज भोंगा वाजला का? तो वायू गळला तर वाजणारा भोंगा तिथं भिंतीवर लावलेला आहे. दुसरा सवाल, सरळ किती आलं आणि फाट्याचं किती? कारण तुकडा टोकाला जुळला तर माल सरळ येतो, मधातच जुळला तर फाटा फुटतो. पोरीला सरळ पाहिजे होतं आणि फाटेच निघत होते. कापसाच्या पऱ्हाटीला बुडातून जाड फांद्या फुटतात, बोंड धरत नाहीत, नुसत्या माजतात. त्यांना आम्ही गळफांदी म्हणतो आणि छाटून टाकतो. बायको पोरीला म्हणाली, तुह्या मालाची गळफांदीच झाली म्हण की.

मग पोरीने सांगितलं की रोडियमच्या भोवती फॉस्फरसचे मोठेमोठे गठ्ठे बसवून पाहते. मधात जागाच उरली नाही तर जोडणी टोकाला होईल. त्यावर आमची तिसरी शिकलेली बायको म्हणाली, "गर्दीच्या घरात पाहुणा कडेलेच बसते, तसंच ना थे?" पोरगी फोनात इतकी हसली, इतकी हसली. मला ते हसणं झोंबलं. गळफांदी छाटायला बायकोला शिकवलं मी, आणि कौतुक तिचं. मी चौथी शिकलो, तिच्याहून एक वर्ग जास्त.

एकदा मीही हिंमत केली. पोरीला विचारलं, रोडियम कसं आहे? जसं काही ते तापाने पडलं होतं. पोरगी म्हणाली, बरं आहे बाबा, आईले द्या.

शेंगा सोलत होतो त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर बायको मला म्हणाली, "जळून राह्यले तुमी."

"जळीन नाई तं काय? मी का तिचा बाप नाई?"

"मंग बोला ना तिच्यासंगं. तोंड आहे ना तुमाले."

मी टरफलं बाजूला सारली. तिने माझ्यापुढे आणखी शेंगा ओतल्या. त्या दिवशी पोरीने गठ्ठे बदलून भांडं चालू केलं होतं. सकाळी यंत्र सांगणार होतं की काय आलं. या खेपेला फाटा आला तर तिचे संशोधनाचे सर हा विषय सोडायला लावणार होते. बायकोने तिला बजावून ठेवलं होतं की सकाळी पहिले मले सांगजो.

सकाळी बायको उठली नाही. ती माझ्या आधी उठणारी. हलवली तर अंग थंड. डॉक्टर आले, म्हणाले झोपेतच हृदय बंद पडलं. लोक जमले. धाकटा भाऊ म्हणाला, दादा, पोरीले मी सांगतो, तू बस. मी त्याच्या हातून फोन ओढून घेतला. ही एक बातमी तरी तिला माझ्या तोंडून जाणार होती.

घरात बायांचं रडणं सुरू होतं, म्हणून मागच्या गोठ्यात गेलो आणि फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत पोरगी बोलायला लागली.

"आई, सरळ आलं. फाटा जवळजवळ नाईच. तुह्या गर्दीच्या घरानं काम केलं पाह्य."

आणि बोलतच राहिली. सर काय म्हणाले, यंत्राची रेघ कशी उभी चढली, दोनदा तपासलं तरी तेच, आता गावी येते, तुझ्या हातचं खाते. मी मधात तोडलं नाही. एवढं ती माझ्याशी उभ्या जन्मात बोलली नव्हती. आणि खरं सांगतो, बायको आत निपचित पडलेली, तरी तिथं उभं राहून मला तिचाच हेवा वाटत होता. बातमी माझ्या कानात पडत होती आणि होती तिचीच. तिच्यामागेही तिचीच. तो हेवा आजही वाटतो.

"आई? बोलत काऊन नाई तू?"

"मी आहो."

"बाबा? तुमी? आईले द्या ना."

मी विचारलं, "वायू बंद केला का?"

असं मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"केला. काऊन, बाबा?"

"भांड्याचा दाब उतरवला?"

"उतरवला."

"मंग खाली बस," मी म्हणालो. "जवळ कोणी असंल त्याले बोलावून घे."

तिने कोणाला तरी हाक मारलेली मला ऐकू आली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मी सांगितलं.