घरटी एक गोणी

त्या पावसाळ्यात रोपं लावून भाताची आवणी उरकली आणि युरिया मिळेना. दूर कुठेतरी युद्ध चाललंय, जहाजं अडकलीत, असं टीव्हीवर सांगत होते. झरीपलीकडच्या आमच्या गावात त्याचा अर्थ एवढाच, की सोसायटीच्या गोदामात नेहमीच्या निम्म्याही गोण्या आल्या नाहीत. सोसायटीची चेअरमन मी. म्हणजे सगळे नको म्हणाले, तेव्हा उरलेली मी.

वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सातबाऱ्यावरच्या क्षेत्राप्रमाणे वाटा."

"डोंगराकडच्या पाड्यांवर सातबारे नाहीत, साहेब. वनजमिनीचे दावे अजून पडून आहेत."

"मग त्यांचं नंतर बघू."

"भात थांबतं का नंतरपर्यंत?"

"आदेश आला की कळवतो."

दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी गोदाम उघडलं आणि घरटी एक गोणी वाटली, सातबारा असो नसो. गावात जास्त जमीन आमचीच, पण आमच्या घरालाही एकच.

दीर गोदामाच्या दारात उभे राहिले. "वहिनी, आपल्याला सहा लागतात, ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग तुमच्या चेअरमन होण्याचा उपयोग काय?"

गोणी खांद्यावर टाकून ते गेले, ते दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

निदान पाड्यांवरचे लोक तरी खूश असतील, असं वाटलं होतं. आठवड्याभरात कळलं, तिथल्या एका बाईने गोणी अच्छाडच्या बाजारात नेऊन विकली. मी तणतणत डोंगर चढले. ती नाचणीत निंदणी करत होती.

"इकडे लोक गोणीसाठी भांडतायत, आणि तू विकलीस?"

तिने मान वर केली. "नाचणीला आम्ही खत घालत नाही, ताई. तुम्ही दिली म्हणून घेतली. विचारलंत कुठे?"

साहेबांनी मला विचारलं नाही म्हणून मी चिडले होते, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

खताची पुढची गाडी आली तेव्हा भात पोटरीत आलं होतं, युरिया द्यायची वेळ टळून गेली होती. सोबत मला नोटीस, नियम का मोडला म्हणून. तिचं उत्तर लिहिण्यात एक अख्खा दिवस गेला. पोच अजून आलेली नाही.

आता मी उन्हाळ्यातच घरोघर फिरून कुणाला किती खत लागेल याची यादी करते. प्रत्येक पाड्यावर दोनदा जावं लागतं, गुडघे दुखतात, आणि निम्मे लोक म्हणतात, "विचार करून सांगतो, ताई."