गॅरेजमधलं सोवळं

मला त्या वंगणाची किळस होती. अजूनही आहे आणि ती लपवावी असं मला वाटत नाही. मधमाश्यांचं मेण आणि गाडीखाली लावतात तसलं काहीतरी चिकट एकत्र वितळवून केलेली ती तपकिरी कांडी. ती गरम झाली की तिचा वास गॅरेजच्या दारातून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि भाताच्या वाफेत मिसळायचा. कितीदा तरी मी वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलंय.

माझा नवरा इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. ऑफिसातल्या एका अमेरिकन मित्राने त्याला एका शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर नेलं आणि तिथे हा बिघडला. आधी एक जुनी रायफल आली. मग विकतच्या गोळ्या पसंत पडेनात. तो मित्र आपल्या शेडमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतायचा, आणि त्या कॉफीच्या डब्यात भरून आमच्याकडे यायच्या. त्यांच्यावरचं पुढचं सगळं काम आमच्या गॅरेजमध्ये.

ते काम मी दारात उभी राहून, बाही नाकाला लावून, पुष्कळदा पाहिलंय. ओतलेली गोळी जराशी जाड असते. तिच्या बुडाला तांब्याची इवलीशी वाटी बसवायची. तिला गॅस चेक म्हणतात. ती नसेल तर बार उडताना तापलेल्या वायूने शिशाचं बूड खराब होतं. मग ती गोळी बाकावर आवळून बसवलेल्या लोखंडी यंत्रात ठेवायची आणि दांडा खाली ओढायचा. एका दाबात वाटी बुडाला घट्ट बसते, गोळी मापात येते आणि तिच्या अंगावरच्या खाचांत वंगण भरतं. जास्तीचं वंगण बुडाशी बाहेर येतं, शेंबडासारखं. हा ते बोटाने पुसायचा. फडकं शेजारी असताना बोटाने. आणि ते बोट पँटला.

“किती प्रिसाइज काम आहे बघ तरी,” तो म्हणायचा. “वाटी जरा तिरकी बसली की गोळी रिजेक्ट.”

“आणि स्वयंपाकघरातला कचरा दोन-दोन दिवस सडतो, तो कधी रिजेक्ट होतो?”

एकदा माझं फोडणीचं कढलं सापडेना. ते त्याच्या बाकावर सापडलं, तळाशी तपकिरी थर घेऊन.

“ल्यूब संपलं होतं यार, थोडं बनवलं. मेण आहे गं ते. खाल्लं तरी काही होत नाही.”

“मग खा.”

त्याने खाल्लं नाही. मी कढलं कचऱ्यात फेकलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

लेक चालायला लागली तेव्हा मात्र मी नियमच केले. माझी एक आत्या कडक सोवळं पाळायची. तिला शिवू नये म्हणून आम्ही मुलं भिंतीला चिकटून जायचो आणि मागे जाऊन खी खी हसायचो. तीच मी आता अमेरिकेत सोवळं मांडून बसले. गॅरेजचे कपडे वेगळे, चपला तिथेच. काम झालं की गॅरेजमधल्या सिंकवर जाड्याभरड्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, सरळ अंघोळीला जायचं आणि मगच पोरीला शिवायचं. त्याचे कपडे माझ्या मशीनमध्ये एकटेच फिरायचे. तो एकदाही कुरकुरला नाही. मला त्यात कौतुकाचं काही वाटलं नाही, कारण घाण त्याचीच होती.

लेकीचं मी सगळं साग्रसंगीत करायचे. रोज अंघोळ, पावडर, बोट स्वच्छ धुऊन काजळ, गालावर तीट, आणि मग पुण्याला आईला व्हिडिओ कॉल. आई आधी डोळे बघायची आणि मग नातीशी बोलायची.

दुसऱ्या वाढदिवसानंतरच्या चेकअपला डॉक्टरकडे एक फॉर्म भरायचा होता. घरात कुणी शिशाचं काम करतं का? तिथे मी ‘हो’वर इतकी जोरात खूण केली की पेन कागदातून आरपार गेलं. खाली आणखी प्रश्न होते: जुना रंग, खेळणी, परदेशी कॉस्मेटिक्स. मी भराभर ‘नाही’ करत सुटले. दोन वर्षांच्या मुलीला कॉस्मेटिक्स कोण लावतं!

तपासणी झाली आणि नर्सचा फोन आला. लेकीच्या रक्तात शिसं होतं, असायला नको इतकं. मेंदू वाढण्याचं वय आहे, दुर्लक्ष करू नका, असं तिने शांतपणे सांगितलं. मी तशीच गॅरेजमध्ये गेले. हा दांडा ओढत होता. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने गोळी यंत्रातून बाहेर काढली, दांडा सावकाश वर केला आणि त्याच संध्याकाळी सगळं सामान मित्राकडे पोचवलं. फक्त बाक राहिला.

“तिला हात लावायचा नाहीस,” मी सांगितलं. “मी सांगेपर्यंत नाही.”

“नाही लावत,” तो म्हणाला.

ऑफिसातून आला की तो सोफ्यावर बसायचा. लेक धावत जायची. “बाबा, अप! अप!” तो दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचा आणि तिच्याशी नुसता बोलायचा. ती रडायला लागली की मी येऊन तिला उचलून न्यायचे. मला दया आली नाही. त्याच्या नखांत मला अजून ते तपकिरीच दिसायचं, बस्स.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. गॅरेज रिकामं होतं आणि आकडा वाढला होता.

मग काउंटीच्या आरोग्य खात्याची एक बाई घर तपासायला आली. तिच्याकडे पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र होतं. ते वस्तूला टेकवलं की शिसं आहे की नाही ते कळायचं. गॅरेजमधल्या बाकावर ते टेकवताच आकडा आला. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. मग उंबरा, चपला, वॉशिंग मशीन, गालिचा, सोफा. कुठेच काही नाही. “बाकाच्या बाहेर काहीही आलेलं नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “इतकी काळजी घेणारी माणसं मी फार कमी पाहिलीत.”

स्वयंपाकघर झालं, भांडी झाली, मसाले झाले. मग ती बाथरूममध्ये लेकीच्या फळीपाशी आली. तेल, पावडर आणि काजळाची डबी. माझ्या बाळंतपणाला येताना आईने ती बाजारातून आणली होती, आणि संपली की कुणाबरोबर तरी नवी यायची. तिने यंत्र टेकवलं. आकडा पाहून तिने डबी फिरवली आणि पुन्हा टेकवलं.

“व्हॉट इज धिस फॉर?”

“इट्स जस्ट काजळ. फॉर हर आइज. एव्हरी डे. माय मदर…”

लेक डोळे चोळते का, अंगठा चोखते का, असं तिने विचारलं. चोळायची. चोखायची. डोळे चोळून तोच अंगठा तोंडात.

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. नखाच्या कडेला काळं साचलेलं होतं, सकाळचं. तेही तुपकट, चिकट, वंगणच होतं, आणि ते मी दोन वर्षं माझ्या हाताने पोरीच्या डोळ्यांत भरत होते. त्या दिवशी मला माझी जितकी किळस आली तितकी त्या तपकिरी कांडीची कधी आली नव्हती.

आकडा पुढे महिन्यामहिन्याने उतरत गेला. लेक ठीक आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि मी प्रत्येक वेळी त्यांना दोनदा विचारते.

पण ती संध्याकाळ अजून तशीच डोळ्यांसमोर आहे. बाई गेल्यावर मी गॅरेजमधल्या सिंकवर त्याच्या जाड्याभरड्या साबणाने हात घासत राहिले. कातडी लाल झाली तरी थांबवेना. तो दारात उभा होता. भांडला असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात त्याच्या पायांमधून वाट काढत लेक माझ्यासमोर आली. मला बोट धुताना तिने पाहिलं होतं, म्हणून सवयीने चेहरा वर केला, डोळे मिटले आणि काजळासाठी शहाण्यासारखी उभी राहिली.

मला तिला शिवायची हिंमत झाली नाही.

“तू घे तिला,” मी नवऱ्याला म्हटलं.

तो पुढे आला, माझ्या शेजारी सिंकशी उभा राहिला, आणि आधी कोपरापर्यंत हात धुवायला लागला.